अर्थिंग आहे, मग रेडियल कशाला?

प्रश्न : साताऱ्याजवळ मुरमाड रानात ७.१ मेगाहर्ट्झसाठी दहा मीटरचा उभा अँटेना लावलाय. बुंध्याशी आठ फुटी अर्थिंगची सळई ठोकली आहे, एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात याचा आकडा, १ म्हणजे अचूक) १.५ येतो. लांबची स्टेशनं छान ऐकू येतात, पण माझी हाक त्यांच्यापर्यंत पोचत नाही. अर्थिंग असताना रेडियल, म्हणजे बुंध्यापासून चहूबाजूंना पसरलेल्या तारा, कशाला लागतात?
– एक हॅम (हौशी रेडिओ चालवणारा) वाचक, सातारा

उत्तर : सळई विजेपासून संरक्षणासाठी हवीच, ती काढू नका. पण पाव तरंगलांबीचा उभा अँटेना म्हणजे अर्धाच अँटेना. उरलेला अर्धा जमीन पुरवते. परतीचा प्रवाह चहूबाजूंनी मातीच्या वरच्या थरातून बुंध्याकडे येतो, आणि एका सळईने त्याला वाट मिळत नाही.

हिशेब करून पाहा. उत्तम जमिनीवर या अँटेनाचा रेझिस्टन्स साधारण ३६ ओहम. तुमचा १.५ म्हणजे ५० ओहमच्या केबलवर बहुधा ७५ ओहम, म्हणजे वरचे ३९ मातीचे. १०० वॉट सोडलेत तर ५२ वॉट मुरूम तापवण्यात जातात.

१ स्क्वेअर एमएम वायरचं ९० मीटरचं एक बंडल आणा. साडेपाच मीटरचे १६ तुकडे पाडून, हेच रेडियल, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे पसरा. वायर तेवढीच असेल तर चार लांब तारांपेक्षा सोळा आखूड बऱ्या, कारण प्रवाह बुंध्याजवळच सर्वांत दाट असतो. मुरूम खणायची गरज नाही. जीआय तारेचे यू आकाराचे आकडे ठोकून तारा जमिनीला चिकटवा. इन्सुलेशन फक्त आतल्या टोकाला सोला, थिंबल (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा कान) दाबून डाग द्या (सोल्डर करा) आणि सगळी थिंबलं स्टीलच्या एका पट्टीवर आवळा. कोॲक्सची (रेडिओकडून येणाऱ्या केबलची) बाहेरची जाळीही तिथेच. तांबं थेट ॲल्युमिनियमच्या पाइपवर आवळलं की पावसाळ्यात सांधा गंजतो.

चार-चार तारा जोडत गेलात की एसडब्ल्यूआर आधी १ कडे उतरेल, मग १.४ कडे चढेल. इथेच अनेकजण घाबरून तारा काढतात. काढू नका! मातीतला लॉस कमी होऊन रेझिस्टन्स ५० च्या खाली ३६ कडे जातोय, म्हणूनच आकडा चढतोय.

प्रश्न : सांगलीत गच्चीवर जमीनच नाही. काय करू?

उत्तर : अँटेनाचा बुंधा खांबावर अडीच-तीन मीटर उंच घ्या आणि चार रेडियल तिरपे खाली ताणा. जमिनीवरच्या तारांची लांबी थोडी इकडेतिकडे चालते, हवेतल्यांची चालत नाही. १०.३ मीटर कापा आणि चारही तारा सारख्या छाटत अँटेना ७.१ मेगाहर्ट्झवर जुळवून आणा. टोकांना मोठा व्होल्टेज असतो, हात लागला तर भाजतं. म्हणून टोकं डोक्याच्या वर ठेवून नायलॉनच्या दोरीने बांधा. कपडे वाळत घालायच्या तारेला मुळीच नको.