रोज सहा किलोमीटर पळतो, तरी बॉक्सिंगच्या स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) दुसऱ्याच राउंडला धाप लागते. पळणं सोडून स्प्रिंट सुरू करू का?

स्प्रिंट सुरू कराच, पण पळणं सोडू नका. "रोडवर्क (म्हणजे बॉक्सरचं रोजचं लांब पळणं) जुनाट झालं" असं सांगणारे रील्सवर बरेच भेटतील. त्यांचं अर्धंच खरं आहे.

हौशी बाउट (लढत) म्हणजे तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. चार-पाच पंचांचं कॉम्बिनेशन दोन-तीन सेकंदांत संपतं आणि ते मुख्यतः स्नायूत साठलेल्या क्रिएटिन फॉस्फेट या झटपट इंधनावर निघतं. पूर्ण जोर लावला तर हा साठा जेमतेम दहा सेकंद टिकतो. तो परत भरायला मात्र ऑक्सिजन लागतो, आणि तिथे तुमचे सहा किलोमीटर कामी येतात. तुम्हाला सवय नाही ती जोर लावून लगेच सावरण्याची आणि पुन्हा जोर लावण्याची. एका लयीत पळताना ही वेळच येत नाही.

मी पुण्यात राहतो, त्यामुळे आमचे स्प्रिंट टेकडीवर. सपाटीवर एकदम सुसाट सुटलं की हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरायची भीती असते. चढावर वेग कमी राहतो, मेहनत मात्र पुरेपूर होते. दहा मिनिटं हलकं पळून अंग गरम करायचं, मग दहा-बारा सेकंद जीव तोडून वर आणि चालत खाली. दीड-दोन मिनिटं घ्या, घाई नको. असे सहा. तीन-चार आठवड्यांनी तीस सेकंद पळणं आणि साठ ते नव्वद सेकंद चालणं. बाउट जवळ आली की हेच पंचिंग बॅगवर आणा: तीन मिनिटांच्या राउंडमध्ये दहा सेकंद तुफान, वीस सेकंद नुसतं फूटवर्क आणि जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच). चढावर खूण करून ठेवा. तेवढ्याच वेळात तिथपर्यंत पोचता येईनासं झालं की त्या दिवशी थांबायचं. त्यापुढे रेटलेला स्प्रिंट हा स्प्रिंट उरत नाही, नुसती फरफट होते.

थोडं काम, थोडा थांबा अशा 'टबाटा' व्यायामाचं म्हणाल तर १९९६ चा त्याचा मूळ प्रयोग सायकलवर झाला होता: वीस सेकंद काम, दहा सेकंद थांबा, आणि सात-आठ फेऱ्यांत माणूस पार गळून जाईल इतका जोर. जिममध्ये 'टबाटा' म्हणून चार मिनिटं बर्पी (खाली झोपून उठून उडी मारण्याचा व्यायाम) करतात, त्यात तेवढा जोर क्वचितच असतो.

आता मला जास्त शंका आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. बॅगवर सहा राउंड आरामात निघतात आणि समोर माणूस आला की दुसऱ्यातच दम संपतो, असं असेल तर दोष फुप्फुसांचा नाही. कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. खांदे कानापाशी चढलेले, मूठ सतत आवळलेली आणि समोरचा अंगावर आला की श्वास रोखलेला, हे बहुतेक नवख्यांत दिसतं. प्रत्येक पंचाबरोबर 'स्स' करून श्वास सोडा, मूठ पंच लागतानाच आवळा. आठवड्यातलं एक स्पारिंग निम्म्या जोराने, फक्त श्वासावर लक्ष ठेवून करा. टेकडीचे हजार स्प्रिंट मारले तरी ही सवय जात नाही.

स्प्रिंट आठवड्यातून दोनदा पुरे, आणि स्पारिंगच्या आदल्या दिवशी नको. बाकी दिवशी पळताना बोलता येईल इतकंच हळू पळा. छातीत दुखणं किंवा चक्कर येणं असला प्रकार असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.