कॅलिपरला (चाकामागच्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाला) साधा स्प्रे पेंट चालेल का? आधी काय तयारी करावी?

साधा स्प्रे नको. घाटात उतरताना सतत ब्रेक लागले की कॅलिपर चांगलाच तापतो आणि साधा रंग पिवळट पडून पोपडे धरतो. डब्यावर 'कॅलिपर पेंट' लिहिलेलाच घ्या. माझी पसंती हार्डनर (रंग कडक करणारं द्रव) मिसळून ब्रशने लावायच्या इपॉक्सी रंगाला. ब्रेक ऑइल सांडलं तर बहुतेक रंग विरघळतात, हा त्यातल्या त्यात तग धरतो. शिवाय ब्रशमुळे मास्किंगही (टेपने झाकणं) कमी लागतं.

पण खरी मेहनत रंगाआधीची. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड लावाच. चाक काढा, तारेच्या ब्रशने गंज आणि काजळी खरवडा. ती धूळ हवेने उडवू नका, फुप्फुसांना वाईट. मास्क घाला, ओल्या फडक्याने पुसा. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर मारून ब्रेक क्लीनरने धुवा. रॉकेल किंवा डिझेल अजिबात नको: तेलकट थर राहतो, रंग धरत नाही, रबरही फुगतं. धुतल्यावर बोट लावू नका.

ब्लीडर निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा स्क्रू), रबरी बूट (धूळ अडवणारी रबरी टोपणं), स्लाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो), पॅड टेकतात त्या जागा आणि डिस्क टेपने झाका. पिनवर रंग गेला तर कॅलिपर अडकतो, हे फार महत्त्वाचं आहे. कॅलिपर खोललात तर होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लटकवू नका, तारेने बांधा.

दोन-तीन पातळ हात द्या. पावसाळी दमट दिवस टाळा. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण सुकू द्या, मगच गाडी बाहेर काढा.