नवी डिस्क घातली, रिबिल्ड काही सुरू होईना

प्रश्न: आमच्या सर्व्हरला मेगारेड कार्ड (डिस्क सांभाळणारा कंट्रोलर) आहे, ४ डिस्कचा रेड ५ (डेटा सगळ्या डिस्कवर वाटून ठेवणारी रचना). परवा एक डिस्क गेली आणि कार्ड पीं पीं करायला लागलं. जुन्या सर्व्हरमधली तेवढ्याच साइजची एक डिस्क पडून होती ती त्याच स्लॉटला घातली, तरी रिबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा नवीवर परत भरणं) काही सुरू होत नाही. स्टोअरसीएलआयमध्ये (कार्डला कमांड द्यायचा प्रोग्रॅम) ती यूगुड, म्हणजे ठीक पण न वापरलेली, दिसते आणि डीजीच्या (ड्राइव्ह ग्रुपच्या) रकान्यात नुसता एफ. लोक काम करतायत, काय करू?

उत्तर: आधी बॅकअप घ्या, बाकी सगळं नंतर. रेड ५ला एकच डिस्क गेलेली चालते आणि तुमची ती गेलीय, आता अजून एक गेली की विषय संपला. आणि रिबिल्डला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, त्यामुळे एखादीत दडलेला खराब सेक्टर नेमका तेव्हाच वर येतो. म्हणून त्या तिघींचं "शो ऑल" काढून मीडिया एरर काउंट बघून घ्या, शून्य असेल तर बरं.

आता तो एफ. एफ म्हणजे फॉरेन. जुन्या सर्व्हरच्या ॲरेची (डिस्कच्या गटाची) माहिती त्या डिस्कवर अजून लिहिलेली आहे, कार्डला वाटतं ही दुसऱ्याच घरची, म्हणून ते तिला हात लावत नाही (आणि ते बरोबरच आहे). "/सी०/फॉल शो" मारा, म्हणजे कंट्रोलर शून्यवरचं सगळं फॉरेन दिसेल. तिथे फक्त हीच डिस्क आणि तिचा जुना ॲरे असेल, आणि जुना डेटा नको असेल, तरच "/सी०/फॉल डिलीट". इम्पोर्ट करू नका, त्याने जुना ॲरे इकडे येऊन बसेल. पण कोणी गडबडीत तुमचीच चालू डिस्क ओढून परत घातली असेल तर तीसुद्धा फॉरेनच दिसते, तेव्हा डिलीट मारलं तर डोक्याला हात लावायची वेळ येईल, म्हणून आधी शो, मग डिलीट.

एफ गेला की ऑटो रिबिल्ड चालू असेल तर बहुतेक आपोआप सुरू होईल. नाही झालं तर त्या स्लॉटवर "ॲड हॉटस्पेअरड्राइव्ह डीजीएस=०" द्या (म्हणजे तिला त्या ग्रुपची राखीव डिस्क नेमा), तुमचा ड्राइव्ह ग्रुप शून्य असेल तर, की लगेच उचलेल. तरीही ढिम्म असेल तर एक सास आणि दुसरी साटा (डिस्क जोडणीचे दोन वेगळे प्रकार) असं झालंय का बघा. कमांड इथे देवनागरीत छापल्यात, टाइप अर्थात इंग्रजीतच करायच्या.

किती झालं ते "शो रिबिल्ड"ने टक्क्यात कळतं. रिबिल्डचा रेट (कार्ड त्यासाठी किती जोर लावतं ते) सहसा ३० टक्के असतो, रात्री कोणी नसताना वाढवा, दिवसा वाढवलात तर लोक तुमच्या नावाने शंख करतील. पीं पींसाठी "सेट अलार्म=सायलेन्स", ऑफ नको, ऑफ केलं तर पुढची डिस्क गेलेली कळणारच नाही. आणि पुढच्या वेळी डिस्क ओढायच्या आधी "स्टार्ट लोकेट" देऊन लाइट कुठला लुकलुकतो ते बघत जा, स्लॉट बरेचदा शून्यापासून मोजतात आणि तिथेच माणूस शेजारची डिस्क ओढतो.