पिशवीची गोष्ट टोळीभर झाली

प्रश्न : मावशी, नमस्कार. मी बीड जिल्ह्यातली. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. दिवाळीआधी शहरातून चौघीजणी आल्या आणि आम्हा नऊ बायकांना समाजमंदिरात बसवलं. गर्भाची पिशवी काढलेल्या बायकांचा अभ्यास करायचाय म्हणाल्या. कागदावर सही घेतली, मोबाईलवर बोलणं टेप केलं, निघताना फोटो काढला. वहीत नाव आणि फोन नंबर लिहून बुडालेल्या मजुरीचे तीनशे रुपये दिले. ‘इथलं बाहेर जाणार नाही’ म्हणाल्या, म्हणून मी सगळं बोलले. पाळीत खाडे पडायचे, मुकादमाकडून आधी घेतलेली उचल फिटत नव्हती, म्हणून पिशवी काढली, आणि ते घरात कुणी ठरवलं, तेही सांगितलं. आता फडावर सगळ्या टोळीला माहीत झालंय. सासू बोलत नाही. माझं बोलणं त्यांच्याकडून पुसून घेता येईल का? सही केली म्हणजे हक्क गेला का?
(नाव-गाव छापलेले नाही.)

उत्तर : ताई, सही केल्याने तुमचा हक्क गेलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की आरोग्याच्या अभ्यासात भाग घेणारी व्यक्ती कधीही बाहेर पडू शकते आणि त्यासाठी तिला कसलाही तोटा सोसावा लागू नये. तीनशे रुपयेही परत करायचे नाहीत. ती तुमची बुडालेली मजुरी होती, बोलण्याची किंमत नव्हती.

आता ‘बाहेर जाणार नाही’ या शब्दाबद्दल. मराठवाड्यात बावीस वर्षं मी अशा गटचर्चा घेतल्या, आणि सुरुवातीची काही वर्षं हेच वाक्य मीही बोलले आहे. एका गावात एक मुलगी नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलली. आमची जीप वेशीबाहेर पडायच्या आत ते तिच्या घरी पोचलं होतं. आमच्यापैकी कुणी बोललं नव्हतं, तिच्या शेजारी बसलेली बोलली. त्या दिवसापासून मी ते वाक्य सोडलं आणि आधीच सांगायला लागले : आमच्या तोंडून जाणार नाही याची हमी देते, पण इथे बसलेल्या प्रत्येकीची हमी माझ्याकडे नाही, तेव्हा जे गावाला कळलं तर चालेल तेवढंच बोला. तुम्हाला हे सांगितलं गेलं नाही. ही त्या चौघींची चूक आहे, तुमची नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. एकाच गावातल्या, एकाच टोळीत जाणाऱ्या बायकांना एकत्र बसवून ‘तुझी पिशवी का काढली’ हे विचारायचंच नसतं. गटात विचारायचं ते असं : ‘तुमच्याकडच्या बायकांवर पिशवी काढायची वेळ का येते?’ मग बाई ‘बायका असं करतात’ म्हणून बोलते, स्वतःला झाकून. स्वतःची गोष्ट ऐकायची असेल तर वेगळी, एकटीची मुलाखत घ्यायची. २०१९ साली बीडच्या या शस्त्रक्रियांसाठी सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, त्यानंतर तुमच्या भागात अभ्यास करणारे आणि बातमीदार पुष्कळ येऊन गेले. इतक्यांनी विचारल्यावर तरी विचारण्याची रीत सुधारायला हवी होती.

काय पुसता येईल? टेपवर नऊ जणींचे आवाज एकमेकांत मिसळलेले असतात, त्यातून तुमचा एकटीचा काढणं अवघड आहे. पण टेप ऐकून जो मजकूर टाईप होतो, त्यातली तुमची वाक्यं गाळता येतात, अहवालात न वापरण्याचं लेखी कळवता येतं. त्या मजकुरात तुमच्या नावाच्या जागी नुसता क्रमांक असायला हवा, कोणता क्रमांक कुणाचा ही यादी वेगळी, कुलपात हवी, आणि टाईप झाल्यावर टेप पुसून टाकायला हवी. पण नाव काढलं तरी वय, गाव, मुलं किती, असं लिहिलं की तालुक्यातला माणूस ओळखतो. म्हणून या खुणाही काढायला सांगा. फोटोला तर वेगळी परवानगी लागते. तोही पुसायला सांगा.

पैशाची वही मात्र सगळे विसरतात. टेप कुलपात जाते आणि तुमची सही, फोन नंबर, वर अभ्यासाचं नाव असलेली वही हिशेबाच्या टेबलावर उघडी पडते. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. वहीवर आजाराचं नाव नसावं आणि ती कुणाकुणाच्या हाती जाते, हे विचारा.

सही केलेल्या कागदाची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. दिलेल्या माहितीच्या कागदावर अभ्यास करणाऱ्या मुख्य बाईंचा आणि नीती समितीच्या, म्हणजे अभ्यासात कुणावर अन्याय होऊ नये हे पाहणाऱ्या समितीच्या, सदस्य-सचिवांचा नंबर असायला हवा. त्या समितीत संस्थेबाहेरची माणसंही असतात आणि अशा तक्रारी ऐकणं त्यांचं काम आहे. प्रत मिळाली नसेल तर ज्यांनी बैठक जमवली त्यांच्याकडे, गावातल्या आशा कार्यकर्त्या असोत की आणखी कुणी, संस्थेचा पत्ता मागा. २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा आहे, पण त्यात संशोधनाला काही सवलती आहेत, म्हणून मी नीती समितीचाच रस्ता आधी धरीन.

समितीला लिहायच्या पत्रात चर्चेची तारीख, ठिकाण आणि ‘माझं बोलणं वापरू नये, फोटो पुसावा, केल्याचं लेखी कळवावं’ एवढंच लिहा. तुमची गोष्ट पुन्हा लिहू नका, तो आणखी एक कागद होईल. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, थांबूही नका. एकदा अहवाल छापला की वाक्य मागे घेता येत नाही.

टोळीत पसरलेलं मात्र कोणतीच समिती गोळा करून आणू शकत नाही, आणि सासूबाईंचं मी इथे बसून काही सांगणं खरं होणार नाही. तुमच्या पत्रातल्या दोन खुणा छापताना बदलल्या आहेत, त्यामुळे तुम्हाला ओळखणं अवघड जाईल. सही केलेल्या कागदाचा फोटो, नाव बोटाने झाकून, या सदराच्या पत्त्यावर पाठवलात तर समितीला जायचं पत्र मी लिहून देते. तुम्ही फक्त वाचून, पटलं तर सही करा.