सिग्नलचा लॉस : तोटा होतो, घट येते की जिरतो?

प्रश्न असा आलाय की मिलिमीटर वेव्हच्या सर्किट बोर्डांवरचा तांत्रिक मजकूर मराठीत आणताना डायलेक्ट्रिक लॉस, कंडक्टर लॉस, इन्सर्शन लॉस, रिटर्न लॉस या सगळ्या 'लॉस'ला सरसकट 'तोटा' म्हणावं का, की 'हानी' किंवा 'ऱ्हास' जास्त बरोबर.

माझं मत आधीच देऊन टाकतो, तिन्ही नकोत. तोटा धंद्यात होतो, नाहीतर 'कामाला तोटा नाही' म्हणतो तसा कमतरतेच्या अर्थाने येतो. हानी म्हटलं की काहीतरी मोडलं, कुणाला इजा झाली असं डोक्यात येतं, आणि इथे बोर्डाला काहीच झालेलं नसतं. ऱ्हास हा हळूहळू, काळ जाईल तसा होतो, त्यामुळे वाचकाला वाटेल की बोर्ड जुना झाला म्हणून सिग्नल कमी येतोय, तर तसंही नाही, कोऱ्या करकरीत बोर्डातसुद्धा हा लॉस पहिल्या सेकंदापासून असतोच.

म्हणून आधी नक्की काय होतं ते बघू, शब्द त्यातूनच सापडतो. मिलिमीटर वेव्ह म्हणजे साधारण ३० ते ३०० गिगाहर्ट्झ, तरंगलांबी १० मिलिमीटरपासून १ मिलिमीटरपर्यंत. गाड्यांमधलं रडार ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं, हवेत त्याची तरंगलांबी जेमतेम ३.९ मिलिमीटर. बोर्डावर वर तांब्याचा ट्रॅक, खाली तांब्याचा ग्राउंड आणि मधे लॅमिनेट, म्हणजे वीज न वाहू देणारा थर, हाच डायलेक्ट्रिक. सिग्नल तांब्याच्या आतून पळतो असं आपण धरून चालतो पण त्याचं विद्युत फील्ड बरंचसं या मधल्या लॅमिनेटमध्ये असतं, आणि ते सेकंदाला ७७ अब्ज वेळा मागेपुढे होतं. मटेरियलमधले रेणू त्या फील्डबरोबर वळायला बघतात, पण थोडे मागे पडतात, आणि त्या मागे पडण्यात सिग्नलची ऊर्जा उष्णता होऊन जाते. ती बाहेर सांडत नाही, कुठे साठतही नाही, वाटेतच जिरते. जमिनीवरून वाहणारं पाणी पुढे जाता जाता जसं जिरत जातं तसंच. डायलेक्ट्रिक लॉससाठी मला 'जिरणं' हेच क्रियापद चपखल वाटतं. 'सिग्नल लॅमिनेटमध्ये जिरतो' म्हटलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

किती जिरतो? नेहमीच्या एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीच्या) बोर्डाचा लॉस टॅन्जंट, म्हणजे मटेरियल किती जिरवतं त्याचं माप, ०.०२ च्या आसपास असतो आणि डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे ते फील्डची ऊर्जा किती साठवतं त्याचं माप, साधारण ४.४. हेच आकडे ७७ गिगाहर्ट्झलाही धरले आणि फील्ड पूर्ण मटेरियलमध्येच आहे असं मानलं, तर दर सेंटिमीटरला २.९ डेसिबल जातात, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये जवळजवळ निम्मी पॉवर संपली! १ गिगाहर्ट्झला त्याच सेंटिमीटरमध्ये ०.०४ डेसिबलसुद्धा जात नाहीत, म्हणून तिथे एफआर-४ बिनधास्त चालतं. उलट पीटीएफई म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचं, ०.००१ लॉस टॅन्जंटचं लॅमिनेट घेतलं तर ७७ लासुद्धा सेंटिमीटरला ०.१२ डेसिबलच्या आसपास भागतं.

लॉस टॅन्जंटचं 'ऱ्हास-स्पर्शिका' करायचा मोह कृपया आवरा. भूमितीत स्पर्शिका म्हणजे वर्तुळाला टेकणारी रेषा, आणि इथला टॅन त्रिकोणमितीतला आहे, एक गुणोत्तर: मटेरियलमध्ये जिरणारा भाग भागिले साठून परत मिळणारा भाग. आपले इलेक्ट्रिकलवाले ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनची 'टॅन डेल्टा टेस्ट' वर्षानुवर्षं करतात, तोच हा टॅन डेल्टा, तो शब्द आयता आहे तर तोच घ्यावा.

'डायलेक्ट्रिक'ला मराठी विश्वकोशात 'विद्युत् अपारक पदार्थ' आहे. शब्द विचार करून केलेला आहे, पण 'अपारक' वाचून वाटतं की यातून काहीच जात नाही, आणि लगेच पुढच्या वाक्यात सिग्नल त्यातच जिरतोय म्हटलं की वाचक गोंधळतो. मी डायलेक्ट्रिकच ठेवेन.

कंडक्टर लॉसची गोष्ट वेगळी. तांब्यात करंट फक्त पृष्ठभागालगत वाहतो, १ गिगाहर्ट्झला साधारण २ मायक्रॉन खोलीत आणि ७७ ला पाव मायक्रॉनपेक्षाही कमी. आता गंमत अशी की लॅमिनेटला नीट चिकटावा म्हणून तांब्याचा पत्रा मुद्दाम खरखरीत करतात, त्याचे उंचवटे मायक्रॉनभराचे किंवा जास्तच, म्हणजे ज्या थरातून करंट जातो त्याच्या कितीतरी पट मोठे, मग लॉस वाढतो. सोन्याच्या मुलाम्याखाली निकेलचा थर असेल तर आणखी वाढतो. तांब्याच्या बाबतीत 'जिरणं' माझ्या कानाला खटकतं, तिथे 'खाणं' बसतं. गाडी ऑइल खाते तसा खरखरीत ट्रॅक सिग्नल खातो. बोलताना लोक असंच म्हणतात, आणि लिहितानाही ते कमी दर्जाचं मानायचं कारण नाही. आणि 'मुरणं' ओलाव्यासाठी राखून ठेवावं, कारण लॅमिनेटमध्ये खरोखरच ओलावा मुरतो, आणि जितका मुरेल तितका सिग्नल जास्त जिरतो.

इन्सर्शन लॉस म्हणजे या टोकाला किती दिलं आणि त्या टोकाला किती कमी मिळालं, कारण कुठलंही असो. त्याला सरळ 'घट'. '३ डेसिबल घट' वाचायलाही नीट वाटतं.

रिटर्न लॉस म्हणजे परत फिरून आलेली पॉवर पाठवलेल्यापेक्षा किती डेसिबल कमी आहे ते. त्याला मात्र तोटा, घट, हानी काहीही लावलंत तर अर्थ उलटा होईल, कारण तो जास्त असलेला चांगला. २० डेसिबल रिटर्न लॉस म्हणजे पाठवलेल्यातली फक्त १ टक्का पॉवर परत आली, १० डेसिबल म्हणजे १० टक्के आली. 'परावर्तन तोटा २० डेसिबल' वाचणारा नवा माणूस तो कमी करायच्या मागे लागेल! हा शब्द आहे तसा ठेवून शेजारी 'म्हणजे १ टक्का परत आली' असं लिहावं.

राहिलं 'लो-लॉस मटेरियल'. त्याला 'कमी जिरवणारं लॅमिनेट' चालेल, पण भाषांतरात फ्रिक्वेन्सी गाळू नका. डेटाशीटवरचा लॉस टॅन्जंट बऱ्याचदा १० गिगाहर्ट्झला मोजलेला असतो, आणि १० ला कमी जिरवणारं मटेरियल ७७ ला कमी जिरवेलच असं नाही, त्यामुळे मूळ मजकुरात '१० गिगाहर्ट्झला' असेल तर ते मराठीतही त्याच वाक्यात, आकड्याला चिकटूनच यायला हवं.