‘शांतता वार्तेच्या संभावना’ : बोलणी, चर्चा की वाटाघाटी?

एका वाचकाने विचारले आहे : “‘दोन्ही देशांत शांतता वार्तेच्या संभावना धूसर’ असा मथळा वाचला. कानाला खटकला, पण नेमके काय चुकले ते सांगता येईना. वार्ता म्हणजे बातमी ना? मग बोलणी, चर्चा, वाटाघाटी यांपैकी काय लिहायचे? आणि शस्त्रसंधी ‘झाला’ की ‘झाली’?”

खटकणारच. हा मथळा हिंदीतून जसाच्या तसा उचललेला आहे. हिंदीत वार्ता म्हणजे बोलणी. मराठीत वार्ता पसरते, वार्ता कानावर येते, ती आणतो तो वार्ताहर. त्यात आपली ‘शांतता’ आधीच दुहेरी. युद्ध नसणे ही शांतता आणि वाचनालयातल्या पाटीवरची तीही शांतताच. तेव्हा ‘शांतता वार्ता’ म्हणजे कुठेतरी सामसूम असल्याची बातमी, असे कोणी समजले तर त्याला दोष देता येणार नाही.

‘संभावना’ची तर आणखी गंमत. मराठीत संभावना म्हणजे पाहुण्याचा आदरसत्कार, विद्वानाला दिलेली बिदागी. पुढे उपरोधाने ती उलटली आणि आता ‘विरोधकांची मूर्ख म्हणून संभावना केली’ असेच बहुधा वाचायला मिळते. या अर्थाने भारत आणि पाकिस्तान एकमेकांची संभावना अगदी नियमाने करत आले आहेत, ती धूसर वगैरे मुळीच नाही. मथळेकाराला म्हणायचे होते ‘शक्यता’. त्याहून मराठी म्हणजे ‘चिन्हे’. बोलणी होण्याची चिन्हे दिसतात किंवा दिसत नाहीत.

आता मुख्य प्रश्न. चर्चा, बोलणी, वाटाघाटी हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास टाकले जातात, पण ते एका पातळीवरचे नाहीत. चर्चा कशावरही होते आणि तिच्यातून काही निघालेच पाहिजे अशी अट नसते. नुसताच रस गळत राहिला की आपण ‘चर्चेचे गुऱ्हाळ’ म्हणतो. बोलण्यांचे गुऱ्हाळ कोणी म्हणत नाही, कारण बोलणी काहीतरी ठरवायलाच बसतात. लग्नाची बोलणी आठवा. पहिल्या दिवशी नुसत्या गप्पा झाल्या असतील तर ‘बोलणी झाली’ म्हणत नाहीत, ‘अजून बोलण्यांपर्यंत आलेलं नाही’ म्हणतात. जुन्या कागदांतही तहाची बोलणी लागतात आणि फिसकटतातही. (‘बोलणी खाणे’ ही वेगळी चीज. तिथे एकच बाजू बोलते.)

वाटाघाटी त्याच्याही पुढची पायरी. मुळात हा एकवचनी शब्द. ‘त्या प्रस्तावावर पुष्कळ वाटाघाट झाली’ म्हणजे खल झाला. आता तो अनेकवचनातच राहिला आहे. कानाला त्यात वाट आणि घाट ऐकू येतात, आणि वळणावळणाने वर चढणारा रस्ता डोळ्यांपुढे येतो. चित्र छान आहे, पण मला त्यात वाटणे आणि घाटणे दिसते. आधी पाट्यावर बारीक करायचे, मग एकजीव होईपर्यंत ढवळायचे. शेजारचा ‘खल’ही औषधे कुटण्याच्या खलातलाच. म्हणजे विचारविनिमयासाठी मराठीने कुटण्या-वाटण्याचे शब्द घेतले आणि ते बरोबरच केले. ‘खलबते’ मात्र या घरातली नव्हेत. तो फारसी ‘खल्वत’, म्हणजे एकांत.

खऱ्या वाटाघाटी कशा असतात ते पाहायचे तर सिंधू जलकराराकडे पाहावे. जागतिक बँकेच्या पुढाकाराने १९५२ साली सुरू झालेले हे काम १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत नेहरू आणि अयूब खान यांच्या सह्या होईपर्यंत चालले. निघाले काय? रावी, बियास, सतलज भारताकडे. सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानकडे, भारताला त्यांच्या पाण्याचा मर्यादित वापर. पूर्वेकडच्या नद्यांऐवजी पश्चिमेकडच्या नद्यांचे पाणी आणायला पाकिस्तानला नवे कालवे लागणार, म्हणून भारताने ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड द्यायचे, दहा वार्षिक हप्त्यांत. इतके बारीक वाटलेले असते तेव्हा वाटाघाटी म्हणावे. याउलट जुलै २००१ मध्ये आग्र्याला वाजपेयी आणि मुशर्रफ भेटले, फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या आणि संयुक्त मसुद्यातल्या शब्दांवरच गाडी अडली. जाहीरनामा निघालाच नाही. त्याला शिखर परिषद म्हणा, चर्चा म्हणा. ती वाटाघाटींच्या तोंडाशी येऊन परतली. २००४ नंतर भारताचे दूत सतिंदर लांबा आणि पाकिस्तानचे दूत तारिक अझीझ यांच्यात काश्मीरवर जे चालले होते ते पुन्हा निराळे : पडद्याआडची बोलणी. इथे ‘खलबते’ लिहायचा मोह होतो, पण त्या शब्दाला कटाचा वास आहे.

या सगळ्याच्या अलीकडे आणखी एक पायरी आहे आणि तिच्यासाठी मराठीत फार नेमका शब्द आहे : बोलचाल. ‘त्यांची बोलचाल आहे’ म्हणजे मैत्री आहे असे नव्हे, समोर आल्यावर ओळख दाखवतात इतकेच. दोन देशांच्या लष्करी मोहिमांच्या महासंचालकांमधला थेट दूरध्वनी, एकमेकांच्या राजधानीतले उच्चायुक्तालय, ही बोलचाल. ती तुटली की अबोला. भारत ‘दहशतवाद आणि चर्चा एकत्र चालणार नाहीत’ म्हणतो तेव्हा तो चर्चेला नकार देतो, बोलचालीला नव्हे. मे २०२५ मध्ये तोफा थांबल्या त्या याच दूरध्वनीवरून. मग ‘संवाद ठप्प’ असे लिहिले की वाचकाला कळतच नाही की नेमके काय बंद आहे.

शिष्टाई आणि मध्यस्थी यांचीही अशीच गल्लत होते. मध्यस्थ मध्ये उभा राहतो. १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला भारत आणि पाकिस्तान यांच्यामध्ये सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन उभे राहिले तसा. शिष्टाई करणारा बहुधा एका बाजूने जातो. कृष्णशिष्टाईतला कृष्ण पांडवांकडून गेला होता, पाच गावांवर समेटायला तयार होऊन, आणि हात हलवत परतला. शिष्टाईचा आपला सर्वांत मोठा दाखला हा फसलेल्या शिष्टाईचा आहे, तरी ‘शिष्टाई यशस्वी’ असे मथळे आपण बिनदिक्कत देतो. सिमला करारानंतर भारताने तिसऱ्याला मध्ये घ्यायचे नाही ही भूमिका धरून ठेवली आहे. त्यामुळे कुणा परक्या नेत्याने फोनाफोनी केली तर तिला मध्यस्थी म्हणायचे की नाही, हा भाषेइतकाच परराष्ट्र खात्याचाही प्रश्न असतो.

तह आणि करार यांत मात्र मराठीने आपणहून सीमारेषा आखली आहे. पुरंदरचा तह (१६६५), सालबाईचा तह (१७८२), वसईचा तह (१८०२). पण ताश्कंद करार, सिमला करार. करार घरभाड्याचाही होतो, तहाला आधी लढाई लागते. पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले आणि बारा राहिले. तह म्हटला की असा हिशेब आलाच. २ जुलै १९७२ रोजी इंदिरा गांधी आणि भुट्टो यांनी केलेल्या कराराला कोणी ‘सिमल्याचा तह’ म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. पण त्याच्यावर टीका करायची झाली की तोंडात येते ते ‘युद्धात जिंकलो, तहात हरलो’ हेच. शब्द इतिहासाच्या पुस्तकात गेला, जखम वाक्प्रचारात राहिली.

सिमल्याचा विषय निघालाच आहे तर ‘युद्धबंदी’चा घोटाळाही सांगतो. युद्ध थांबणे ही युद्धबंदी आणि युद्धात पकडलेला तोही युद्धबंदी. १९७२ साली दोन्ही एकाच टेबलावर होते. एका बाजूला १७ डिसेंबर १९७१ च्या युद्धबंदीतून आलेली रेषा, जिचे नाव बदलून नियंत्रण रेषा झाले. दुसऱ्या बाजूला सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धबंदी, ज्यांची पाठवणी पुढच्या वर्षीच्या दिल्ली करारानंतर सुरू झाली. ‘युद्धबंदीचा प्रश्न सुटला’ असे त्या वर्षी कोणी लिहिले असते तर काय समजायचे? म्हणून माणसांसाठी युद्धकैदी बरा.

राहिला शस्त्रसंधी. संस्कृतात संधि पुल्लिंगी. मराठीत व्याकरणातला संधी आपण पुल्लिंगीच ठेवला, ‘हा संधी सोडवा’ म्हणतो. पण ‘मोका’ या अर्थाची संधी स्त्रीलिंगी झाली, आणि रोजच्या बोलण्यात तीच जास्त येत असल्याने तिने शस्त्रसंधीलाही ओढून नेले. ‘शस्त्रसंधी झाला’ हे मुळाला धरून आहे आणि मी तसेच लिहितो. ‘झाली’ इतके रूढ आहे की त्यावर लाल शाई मारत बसण्यात अर्थ नाही.

लिंगापेक्षा अर्थाकडे लक्ष द्यावे. कौटिल्याने संधीची व्याख्या दोनच शब्दांत केली आहे : ‘पणबन्धः सन्धिः’. पण म्हणजे अट. अटींनी बांधले जाणे हा संधी. १० मे २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी जे जाहीर केले ते सरळसरळ शस्त्रसंधी या अर्थाचे होते. भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी मात्र गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवण्याबाबत ‘समजूत’ झाली, एवढेच म्हटले. भारताने आधीच स्थगित केलेला सिंधू जलकरारही स्थगितच राहिला. म्हणजे भारताने टाळलेला शब्द मराठी मथळ्यांनी बेधडक वापरला. तिथे ‘गोळीबार थांबवण्यावर सहमती’ हे लांबले तरी खरे होते. ‘युद्धविराम’ही चालला असता. विराम स्वल्प आहे की पूर्ण, हे तो शब्द सांगत नाही. कोरियात २७ जुलै १९५३ ला युद्धविराम झाला, तह अजून व्हायचाच आहे.

तर तुमचा मथळा. दोन्ही बाजूंनी नुसते भेटायचेही ठरलेले नसेल तर ‘चर्चेची चिन्हे नाहीत’. काही मुद्दा ठरवायला बसायचे असेल तर ‘बोलणी’. मसुदा, नकाशे, हप्ते यांवर येऊन ठेपले असेल तरच ‘वाटाघाटी’. मथळ्यात जागा नव्हती ही सबब चालायची नाही. ‘शांतता वार्ता’ला पाच अक्षरे लागतात, ‘बोलणी’ला तीन.