पाठ केलेले चाळीस निबंध

प्रश्न : ताई, मी मूळची कागलची, नर्सिंग झालंय, आता राजारामपुरीत रूम करून राहते. दहावीपर्यंत मराठी मिडियम. बाहेर जॉबसाठी आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा दिली, लिसनिंग रीडिंगला 6.5 आले पण रायटिंगला 6 आणि स्पीकिंगला 5.5. क्लासनं दिलेले चाळीस निबंध आणि स्पीकिंगला बोलायचा विषय देतात ती सगळी क्यू कार्डं पाठ केली होती तरी असं का? माझा उच्चार गावाकडचा आहे म्हणून मार्क कापले का? परत फी भरायची म्हटलं की वडिलांकडं बघवत नाही.

उत्तर : आधी उच्चाराचं मनातनं काढून टाक. स्पीकिंगला चार गोष्टी सारख्याच वजनानं बघतात, न अडखळता सलग बोलणं, शब्द, व्याकरण आणि उच्चार, आणि उच्चारात तू बोललेलं समोरच्याला नीट कळतंय का एवढंच असतं, कागलची आहेस का लंडनची हे नाही.

घात केलाय तो पाठांतरानं. परीक्षक रोज तेच ऐकत असतात, पाठ केलेलं लगेच ओळखू येतं गं, आणि त्यांनी स्पीकिंगच्या तिसऱ्या भागात जरा आडवा प्रश्न टाकला की ते पाठांतर काहीच कामाला येत नाही, आपण गप्प. क्यू कार्डला 1 मिनिट तयारीला असतं आणि 2 मिनिटांपर्यंत बोलायचं, त्या मिनिटात वाक्यं लिहू नकोस, चारच शब्द खरड. पाण्याजवळची जागा विचारली तर कधी न बघितलेला गोव्याचा बीच कशाला, रंकाळ्यावर संध्याकाळी जातेस ना, तेच सांग. मदत केल्याचा प्रसंग विचारला तर तुझी पहिली नाईट ड्युटी आहेच की. रोज असे दोन विषय मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि स्वतः ऐक, पहिले आठ दिवस ऐकवत नाही, तरी ऐक.

रायटिंगचंही तसंच, विचारलंय एक आणि आपण पाठ केलेलं दुसरंच उतरवून येतो. दुसऱ्या टास्कला, म्हणजे निबंधाला, पहिल्याच्या दुप्पट वजन आहे, त्यामुळं 60 मिनिटांतली 40 त्यालाच ठेव, 250 शब्दांच्या खाली जाऊ नकोस.

आणि फीचं. तुझी सरासरी 6.125 येते म्हणून ओव्हरऑल 6 दिसतोय. कुठल्याही एका विषयात अर्धा बँड, म्हणजे अर्धा गुण, वाढला की 6.25 होते आणि ती वर 6.5 ला जाते. परीक्षा कॉम्प्युटरवर दिली असशील तर 60 दिवसांच्या आत एकच स्किल, म्हणजे चारातला एकच विषय, परत देता येतं, अख्खी परीक्षा द्यायची गरज नाही, त्यात स्पीकिंगच घे. पण तुला जिथं अर्ज करायचाय तिथं हे चालतं का आणि प्रत्येक विषयाला वेगळा किती बँड मागतात हे त्यांच्याकडनं आधी लेखी विचारून घे, मगच पैसे भर. वडिलांनाही हा हिशोब कागदावर मांडून दाखव.